बासष्ट घड्याळं

सोमवार, २१ फेब्रुवारी २००५

पासो ओन्दोचं केंद्र आज पुन्हा मुकं झालं. सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी गेलं आणि आठ अकराला, काही झालंच नाही अशा थाटात परत आलं. सात मिनिटं पडद्यावरचा त्या केंद्राचा ठिपका लाल आणि मी खुर्चीच्या काठावर. मग नायरचा फोन. नायर म्हणजे तिथली एकुलती एक परिचारिका, साठीला टेकलेली, शिस्तीची.

"एलिदा, तुझं यंत्र पुन्हा रुसलं गं."

"माझं कसं?"

"मग माझं का? मी इंजेक्शनं देते."

बहीण म्हणते, डोक्यात फिरतं ते कागदावर उतरव, नाहीतर रोज जेवणाच्या वेळी मलाच फोन करशील. म्हणून ही वही. तर उतरवते. बासष्ट खेड्यांतली आरोग्यकेंद्रं आमच्या मोन्तेविदेओच्या समन्वय कक्षाला जोडलेली आहेत. खेड्यात कुणी कोसळलं की परिचारिका यंत्रावर मागणी टाकते आणि आम्ही जवळची रुग्णवाहिका धाडतो. यंत्रांवर चालते तेरो, आमची घरची ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्यातला नेटवर्कचा कोड, म्हणजे यंत्रांना एकमेकांशी बोलतं ठेवणारा भाग, एक्क्याण्णव साली इंजिनियर बेन्तांकूर यांनी लिहिला. तेव्हा मी त्यांच्या हाताखाली होते. ते निवृत्त झाल्यापासून त्या कोडची राखण मी करते, आणि माझ्या परवानगीशिवाय त्याला कुणी बोट लावत नाही.

गेल्या सप्टेंबरपासून कधी हे केंद्र, कधी ते, पाच-दहा मिनिटं मुकं होतं. वाईट हे की तिकडच्या यंत्राला त्याचा पत्ताच नसतो. ते 'पाठवलं' म्हणतं, मागणी इथं येतच नाही, आणि परिचारिका दाराकडं बघत रुग्णवाहिकेची वाट पाहत बसते.

आज संचालिका डॉक्टर आर्रियागांनी बोलावून घेतलं. "तुरिस्मोच्या आठवड्याआधी मला एक शब्द हवाय. दुरुस्ती की बदली. दोन्हीची कारणं ऐकून माझे कान किटले." तुरिस्मोच्या सुट्टीत निम्मा देश तंबू घेऊन रस्त्यावर असतो. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला सुरू होतोय.

गुरुवार, २४ फेब्रुवारी

यामांदूशी बोलले. बोलले म्हणजे भांडले. हा मुलगा, मुलगा कसला, एकतीसचा घोडा झालाय, गेले आठ महिने नेटवर्कचा कोड मुळापासून नव्यानं लिहितोय. बगलेत थर्मास, हातात येर्बाच्या कडू चहाचा पेला, आणि तोंडात एकच वाक्य: जुनं फेकून द्या.

"एलिदा, तू त्या कोडला पोटच्या पोरासारखं जपतेस."

"चौदा वर्षं चाललाय तो. तुझा चौदा दिवस तरी चाललाय का?"

"चालवू दे मग."

"आणि एखादी बाई मेली म्हणजे?"

यावर त्यानं पेल्यात डोकावून पाहिलं. मला वाटलं जिंकले. मग म्हणाला, "आताही मरू शकतेच की."

बोलता बोलता कळलं की सगळं नव्यानं लिहिताना त्यानं एक तुकडा जुन्यातून तसाच उचललाय, वेळ मोजायचा. निरोप पाठवला की यंत्र तीन सेकंद पोच यायची वाट बघतं, नाही आली तर पुन्हा पाठवतं. ते तीन सेकंद मोजणारा तुकडा. तो इंजिनियरांचा नव्हे, माझा. चौऱ्याण्णव साली एका दुपारी मी तो दुरुस्त केला होता. "सगळ्यात स्वच्छ तोच होता," यामांदू म्हणाला. खोटं कशाला लिहू, सुखावले. कार्ट्याला निदान चांगलं ओळखता येतं.

मंगळवार, १ मार्च

नव्या राष्ट्राध्यक्षांची शपथ. रस्त्यावर ढोल, झेंडे, रडणारी म्हातारी माणसं. कक्षात सगळे खिडकीला लटकलेले. मी पडद्यासमोर. बासष्टही हिरवे. इतके हिरवे की भीती वाटली.

शनिवार, ५ मार्च

आत्लान्तिदाला इंजिनियरांकडं गेले. त्यांच्या कानावर न घालता त्यांचा कोड फेकायचा ही गोष्ट मला जमण्यातली नाही. त्यांना चौऱ्याहत्तर झाले. टोमॅटो लावलेत, माशांचे गळ दुरुस्त करतात. त्यांच्या बायकोनं, चेलानं, पालकाचं सारण भरलेली पास्कुआलिना पुढं ठेवली.

मी सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटेल म्हणून घोळवून घोळवून सांगितलं. ते म्हणाले, "बदला."

"इंजिनियर, तुमचं काम आहे ते."

"माझं काम झालं. बदला. गळ बदलतो तसा."

मला फार लागलं. मी इकडं त्यांच्यासाठी लढतेय आणि यांना काही नाही. नंतर वाटलं, वय झालं, दुसरं काय. कारण त्यांचं लक्ष मध्येच उडत होतं. "घड्याळं मागं कधी करायची यंदा?" असं विचारलं. उन्हाळी वेळ संपते त्या सत्तावीसला, म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. निघताना फाटकापाशी तिसऱ्यांदा. "आणि यंत्रांचीही करणार का?" करणार, म्हटलं, अर्थात. त्यावर काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग माझ्या आईची आठवण काढली. ती जाऊन दहा वर्षं उलटली. चेलाला हळूच विचारलं, डॉक्टरांना दाखवलं का. ती म्हणाली, कशाला? तिच्याही लक्षात येत नाहीसं दिसतंय. बसमध्ये डोळे भरून आले.

सोमवार, ७ मार्च

पासो ओन्दो पुन्हा. सहा मिनिटं. नायरला म्हटलं, मुकं व्हायच्या आधी तू काय करतेस ते एकेक करून सांग.

"काय करणार? कुलूप उघडते. रेडिओ लावते. वेळेची टिक-टिक ऐकून यंत्राचं घड्याळ बरोबर करते, ते आठवड्याला सहा-सात मिनिटं पुढं पळतं. मग हात धुते. मग पहिला रोगी."

"वायर हलवतेस का?"

"वायरला मी हात लावत नाही बाई, तूच दरडावलं होतंस."

"आणि घड्याळ दर सोमवारी?"

"दर सोमवारी. सप्टेंबरात सरकारनं वेळ बदलली तेव्हापासून सगळे लिहिलेल्या वेळेवरून वाद घालतात. आता माझ्या वहीतली वेळ म्हणजे वेळ."

इतकी काटेकोर बाई दुसरी नाही. तिच्याकडची वायर बदलायला माणूस पाठवलाय.

गुरुवार, १० मार्च

दिवस बारीकसारीक कामांत गेला. उन्हाळी वेळ संपतेय, त्याचं परिपत्रक बासष्ट केंद्रांना टपालानं रवाना केलं: रविवार, २७ मार्च, कामावर येताच सर्वप्रथम यंत्राचं घड्याळ एक तास मागं करावं. सर्वप्रथम या शब्दाखाली रेघ मारली. खाली माझी सही. धरणात पाणी नाही म्हणून सरकारनं वीज वाचवायला सप्टेंबरात घड्याळ तासभर पुढं करायचं खूळ काढलं आणि कागद मात्र मी चिकटवायचे.

सोमवार, १४ मार्च

तीन दिवस प्रयोगशाळेत जुना कोड आणि यामांदूचा नवा कोड शेजारी शेजारी चालवले. वायर उपटली, लावली, दोन्हींवर हजार मागण्या एकदम टाकल्या. दोन्ही पास. म्हणजे जुन्यात दोष आहे पण सापडत नाही, आणि नव्यात दिसत नाही म्हणजे नसेलच असं नाही.

डॉक्टर आर्रियागांना एक शब्द दिला: दुरुस्ती. पोच आली नाही तर अधिक वेळा पाठवायचं, एवढीच दुरुस्ती, आणि ती तुरिस्मोनंतर बसवायची. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हा निर्णय आहे की भीती?"

"निर्णय," मी म्हटलं.

यामांदूनं थर्मास उघडला. पेला भरून माझ्यापुढं केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शुक्रवार, १८ मार्च

कक्ष ओस. यामांदू बायको आणि तंबू घेऊन वालिसासला समुद्रावर गेला. तिथं वीज नाही, फोन नाही, त्याला तेच हवंय. अठ्ठावीसला उगवेल. "काही झालं तर?" विचारलं. "तर तू आहेस," म्हणाला. कक्षाची गाडीही मागून तोच घेऊन गेला.

सोमवार, २१ मार्च

झालं. जे व्हायला नको होतं तेच.

पासो ओन्दोजवळ घोडेस्वारीची जत्रा होती. आठ वाजता सराव करताना घोड्यानं एकाला झटकून टाकलं आणि वर पाय दिला. नायरनं मागणी टाकली, यंत्र 'पाठवलं' म्हणालं. माणूस विव्हळतोय आणि ती दाराकडं बघतेय. चार मिनिटांनी तिला संशय आला, तिनं फोन केला. फोन लागेना, तुरिस्मोत आमच्या लाइनी भरलेल्या. आणखी पाच मिनिटं. शेवटी गाडी गेली. कमरेचं हाड तुटलंय, जगेल म्हणतात. एकेचाळीस वर्षांचा, तीन मुलं.

नायर ओरडली नाही, तेच जास्त झोंबलं. "नवी वायर लावलीत ना? मी घड्याळ लावलं, हात धुतले आणि याला आत आणला. माझं काही चुकलं का, एवढंच सांग."

तुझं काही चुकलं नाही, म्हटलं. आणि फोन ठेवल्यावर ते वाक्य कानात राहिलं. घड्याळ लावलं, हात धुतले.

मंगळवार, २२ मार्च

आता लिहिते.

सकाळी कक्षात येऊन प्रयोगशाळेतल्या यंत्राचं घड्याळ सहा मिनिटं मागं केलं. ते मुकं झालं. सहा मिनिटं. मग दहा मिनिटं मागं केलं. दहा मिनिटं.

दोष माझ्या तुकड्यात आहे. इंजिनियरांचा मूळ कोड वेळ मोजायला स्वतःचे ठोके मोजत असे, यंत्र सुरू झाल्यापासून एक, दोन, तीन. पण दीडेक महिन्यात त्याचा आकडा भरून जायचा आणि यंत्र अडकायचं. चौऱ्याण्णवच्या ऑक्टोबरात मी तो काढून टाकला आणि लिहिलं: घड्याळ बघ. आठ वाजता निरोप गेला तर आठ वाजून तीन सेकंदांनी पुन्हा पाठव. सोपं, स्वच्छ. आदल्या वर्षीच उन्हाळी वेळ बंद झाली होती. या देशात घड्याळ पुन्हा मागं जाईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आणि आता ते सहा मिनिटं मागं केलं की यंत्र बिचारं आठ वाजून तीन सेकंद पुन्हा उजाडायची वाट बघत गप्प बसतं, आणि मागचे सगळे निरोप त्याच्यामागं रांगेत अडकतात. सप्टेंबरात घड्याळ पुढं केलं त्या सकाळी सगळी यंत्रं एकदम बडबडायला लागली होती. आम्ही हसलो होतो.

यामांदूचा कोड उघडला. तिथंही तोच तुकडा, बाजूला माझ्या नावाची दोन अक्षरं आणि तारीख. म्हणजे दुरुस्ती म्हटलं असतं काय आणि बदली म्हटलं असतं काय, दोष तसाच राहिला असता. प्रयोगशाळेत आम्ही दोघांनी सगळं उपटून पाहिलं, घड्याळाला हात लावला नाही.

आणि रविवारी सकाळी बासष्ट परिचारिका, कामावर येताच सर्वप्रथम, घड्याळ एक तास मागं करणार आहेत. तुरिस्मोहून परतणाऱ्या गाड्यांचा दिवस. रेघ मारलेलं परिपत्रक माझं.

बुधवार, २३ मार्च

इंजिनियरांना फोन केला. मी बोलायच्या आधीच म्हणाले, "सापडलं वाटतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नीट आठवत नव्हतं. ती ओळ राहिली की नंतर काढलीस, ठाऊक नव्हतं. म्हणून घड्याळाचं विचारत होतो."

"मग सरळ का नाही विचारलंत?"

"ती दुरुस्ती तू आईच्या खाटेशेजारी बसून लिहिली होतीस, मुली. दवाखान्यातून मला वाचून दाखवलीस. तिला जायला चार दिवस होते. तेव्हा मी म्हटलं, छान आहे. नंतर कधी म्हणायचं?"

मी त्यांना म्हातारचळ लागलाय म्हणून बसमध्ये रडले होते.

एक ओळ बदलायला दहा मिनिटं लागतात. पण बसवायला प्रत्येक यंत्रासमोर माणूस हवा, आणि एकटीनं, घाईनं, न तपासता एक ओळ बदलणं हेच तर मी चौऱ्याण्णव साली केलं. पुन्हा करणार नाही. सुट्टीसाठी पुन्ता देल एस्तेत गेलेल्या डॉक्टर आर्रियागांना फोन करून सगळं सांगितलं, माझ्या नावासकट. त्या म्हणाल्या, "काय करायचं ते सांग." घड्याळांना हात लावू द्यायचा नाही. बासष्टांना फोन.

शनिवार, २६ मार्च

चार दिवसांत अठ्ठावन्न सापडल्या. काहींना बहिणीच्या घरी गाठलं, एकीला नदीकाठच्या तंबूत, तिच्या दिरानं बोटीतून निरोप नेला. प्रत्येकीचा तोच प्रश्न: "पण परिपत्रकात तर 'सर्वप्रथम' लिहिलंय?" लिहिलंय, मीच लिहिलंय, चुकलंय.

चौघींचा पत्ता नाही. मग त्या भागातल्या रेडिओ केंद्राला फोन केला. दुपारी शेतावरच्या लोकांसाठी निरोप वाचतात ना, अमक्याची आई बसनं येतेय, तमक्यानं गाय सोडू नये, त्यात माझा घाला म्हटलं. निवेदक लिहून घेऊ लागला. "परिचारिकांनी रविवारी यंत्राचं घड्याळ मागं करू नये. परिपत्रक चुकीचं आहे. चूक समन्वय कक्षातल्या एलिदा तेचेराची."

"बाई, शेवटचं वाचायलाच हवं का?"

"वाचा. कुणाची चूक ते कळलं नाही तर त्या परिपत्रकच खरं मानतील."

त्यानं वाचलं. तीनदा वाचलं. माझं नाव पिठाची किंमत सांगावी तशा आवाजात. मग त्या चौघींतल्या तिघींचे फोन आले. राहिलं ला तूना, तिथली परिचारिका सुट्टीवर कुठं गेलीय ते पोलिसचौकीलाही ठाऊक नाही.

रविवार, २७ मार्च

सहाला कक्षात. नायरचा फोन पहिला. "नाही लावलं घड्याळ. अंगावर काटा येतोय पण नाही लावलं." बासष्ट हिरवे.

आठ वाजून दोन मिनिटांनी ला तूना लाल.

तिथली ओलिंदा रेडिओ ऐकत नाही, बॅटऱ्या संपल्यात हे नंतर कळलं. तिनं माझं परिपत्रक पाळलं, सर्वप्रथम. तिथं फोन नाही, बारा किलोमीटरवर पोलिसचौकी आहे. चौकीतल्या शिपायाला विनवलं, तो मोटारसायकल घेऊन निघाला. आठ पन्नासला तिच्या दारात पोचला आणि नऊ वाजून दोन मिनिटांपर्यंत, काही आलं तर आपल्या वायरलेसवरून कळवायला तिथंच थांबला. अठ्ठेचाळीस मिनिटं ला तूनात कुणी पडलं असतं तर ओलिंदा दाराकडं बघत बसली असती. मी ठिपक्याकडं बघत बसले होते. दुसरं काही करता येत नव्हतं.

कुणी पडलं नाही. कुणाला कळा आल्या नाहीत, गाडी उलटली नाही. यात माझं काही कर्तृत्व नाही. नऊ-दोनला हिरवं झालं तेव्हा हे मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं, नाहीतर संध्याकाळपर्यंत मला वाटायला लागलं असतं की मीच वाचवलं.

सोमवार, २८ मार्च

यामांदू आला, उन्हानं नाक सोललेलं. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याचा पेला तसाच गार झाला.

"तू तो तुकडा तपासलाच नाहीस?"

"बाकी सगळं तपासलं. इंजिनियरचं वाक्य न् वाक्य तपासलं, त्यांच्या तेरा चुका काढल्या." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "तुझी अक्षरं दिसली आणि पुढं गेलो. विचारलं असतं तर खाल्लं असतंस मला."

खाल्लंच असतं. दहा वर्षांत कुणी मला त्या तुकड्याबद्दल विचारलं नाही, आणि मी त्याला विश्वास समजत होते.

डॉक्टर आर्रियागांकडं दोघं मिळून गेलो. शब्द बदलला: बदली. यामांदूचा कोड, पण तीन महिने तपासून, आणि माझं जे काही त्यात आहे ते आधी. तोवर बासष्ट यंत्रं एक तास पुढंच राहतील. डॉक्टर म्हणाल्या, राजीनामा नको, तपासायला तू हवीस. मी खिशातला कागद बाहेर काढलाच नाही.

दुपारी यामांदूच्या शेजारी खुर्ची ओढली. तो माझ्या ओळी मोठ्यानं वाचायला लागला आणि दुसऱ्याच ओळीला थांबला.

"हे असं का केलंस, विचारू?"

"विचार," मी म्हटलं.